पाण्याला विचारायचं नाही

चिटणिसांचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. आमच्या माजी विद्यार्थी मंडळाचे हे चिटणीस, बँकेतून निवृत्त झालेले, गावातल्या वरच्या आळीतले. शाळेत माझ्या मागच्या रांगेत बसायचे. आवाज एकदम खुशीत होता. "ताई, एक मोठं टेन्शन गेलं बघा. बंगलेवाल्यांच्या साहेबांना मी स्वतः जाऊन भेटलो. आपल्याला परवानगी दिली त्यांनी. जराही आडकाठी केली नाही."

"कसली परवानगी?"

"त्या गेटमधून जायची हो. एवढी माणसं न्यायची म्हणजे विचारायला नको?"

दूध उतू गेलं आणि मी नुसती बघत उभी राहिले. गॅस बंद करायचंही सुचेना. त्या गेटमधून जायला कुणाची परवानगी मागायची नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी आमच्या गुरुजींनी म्हातारपण झिजवलं होतं. आणि त्यांच्याच सत्कारासाठी आम्ही ती मागून मोकळे झालो होतो!

आता हे नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई एवढ्याशा गोष्टीवरून केवढी कावली.

आमचं गाव लोहगडाच्या खालच्या अंगाला. ट्रेकिंगवाले लोहगडवाडीकडे जातात त्या रस्त्यापासून जरा आत. गाव वरच्या बाजूला, आमची वस्ती खालच्या. वस्तीतल्या सगळ्यांच्या आजी-आजोबांनी छप्पन साली धम्म घेतलेला. वस्तीच्या पुढं भाताची खाचरं, आणि खाचरांच्या पलीकडं ओढ्याकाठी आमचं स्मशान. तिथं जायला वाट एकच, खाचरांच्या मधल्या रुंद बांधावरून. माझा बाप त्याच वाटेनं गेला, आई त्याच वाटेनं गेली. पूर्वी ज्याची ती जमीन होती त्याच्या डोक्यात कधीमधी तिरीमिरी यायची आणि तो बांधावरच नांगर घालायचा. मग भर पावसात मयत खांद्यावर घेऊन लोक गुडघाभर चिखलातून लांबून फिरून जायचे.

गुरुजी आमच्याच वस्तीतले. सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे आणि शाळा सुटली की भांडायला निघायचे. मोटारस्टँडवरच्या हॉटेलात आमच्यासाठी वेगळ्या कपबश्या असायच्या, त्या त्यांनी बंद पाडल्या. विहिरीचं झालं, मजुरीचं झालं, रेशनचं झालं. कचेरीपुढं धरणं धरून बसले तेव्हा त्यांच्या मांडीवर आमच्या तपासायच्या वह्या असायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. भांडताना आवाज कधी चढला नाही. तो सगळा त्यांनी वर्गासाठी राखून ठेवला होता.

शाळेत त्यांचा एक नियम होता. माझ्या थोरल्या बहिणीच्या वेळेला दुसरे मास्तर होते. वस्तीतल्या पोराला तहान लागली की त्यानं हात वर करायचा, आणि गावातल्या एखाद्या पोरानं उठून वरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतायचं. त्या पोराला कंटाळा आला तर बसा तसंच कोरड्या घशानं. गुरुजी आले आणि त्यांनी माठ कोपऱ्यातून काढून दारात ठेवला, वर ओगराळं ठेवलं आणि फळ्यावर लिहिलं, लघवीला विचारून जायचं, पाण्याला विचारायचं नाही. अख्खा वर्ग खिदळला. पहिलीत असताना मी विसरले आणि हात वर केला, "गुरुजी, पाणी पिऊ?" असे ओरडले माझ्यावर! "तहान तुला लागलीय की मला?" मी रडकुंडीला आले. "तुला लागलीय ना? मग मला काय विचारतेस? ऊठ!" गावातल्या पोरांनाही तोच नियम. चिटणीसदेखील त्यावरून बोलणी खाऊन बसलेले.

वाटेचंही त्यांनी तसंच केलं. "वाट कागदावर नसली तरी चालेल, पायाखाली पाहिजे," असं म्हणायचे. लोक ज्या वाटेनं वर्षानुवर्षं हक्कानं, कुणाला न विचारता चालत आलेत ती त्यांची वहिवाट. ती कुणी बंद करू शकत नाही. पण ज्या दिवशी तुम्ही "जाऊ का?" म्हणून विचारलंत, त्या दिवसापासून ती मालकाची मेहेरबानी झाली. आणि मेहेरबानी काय, आज आहे, उद्या नाही. म्हणून रोज सकाळी गुरुजी काठी घेऊन त्या वाटेनं स्मशानापर्यंत जायचे आणि परत यायचे. पाऊस असो, थंडी असो. लोक म्हणायचे म्हाताऱ्याला फिरायची हौस. हौस कसली डोंबलाची! पायांनी वाट राखत होता माणूस.

पुढं ती खाचरं विकली गेली. तिथं बंगल्यांची स्कीम आली. पुण्या-मुंबईच्या लोकांचे शनिवार-रविवारचे बंगले, पुढं हिरवळ, मागं लोहगड. वाटेच्या तोंडाशी मोठं लोखंडी गेट बसलं, शेजारी वॉचमनची केबिन. गुरुजींनी पहिल्या दिवशी काय करावं? गजांतून हात घातला, आतली कडी काढली आणि चालू लागले. वॉचमन कुठल्या लांबच्या मुलखातला बिचारा, धावत आला, "ओ चाचा, किससे मिलना है?" गुरुजी म्हणाले, "बाप से. आगे नाले के पास सोया है." वॉचमनला बराच वेळ कळेचना. कळलं तेव्हा त्यानं टोपी काढली म्हणतात. नंतर दोघांची रोजची रामराम-नमस्ते सुरू झाली, पण कडी गुरुजी स्वतःच काढायचे. वॉचमन उठायला लागला की त्याला हातानं खाली बसवायचे.

स्कीमवाले गोडीनंच वागत होते. गोडीचीच तर भीती. वस्तीनं वाटेसाठी तहसील कचेरीत अर्ज केला होता आणि सुनावणी तोंडावर आली होती. स्कीमवाल्यांचं म्हणणं असं, की हा आमचा खाजगी रस्ता, इथं कुणाची वहिवाट नाही, गावकऱ्यांना आम्ही माणुसकीनं सोडतो. म्हणजे आम्ही त्यांच्याकडं परवानगी मागितल्याचा एक पुरावा त्यांना हवा होता. तो आमच्या चिटणिसांनी पेढ्यासकट नेऊन दिला.

सत्काराची कल्पना आम्हा माजी विद्यार्थ्यांची. गुरुपौर्णिमेनंतरचा रविवार ठरवला. गुरुजी आधी तयारच होईनात. शाल नको, नारळ नको, मानपत्र तर मुळीच नको. शेवटी म्हणाले, "माझा सत्कार करायचाय ना? मग एक दिवस सगळे माझ्याबरोबर वाट चाला. गावातले, वस्तीतले, लोणावळ्याचे, तळेगावचे, सगळे." आम्हाला गहिवरून आलं. किती सोपं मागितलं, असं वाटलं. आणि तेच आम्ही नासवलं.

मी चिटणिसांवर तोंडसुख घेतलं. सोडते काय!

"तुम्हाला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?"

"अहो ताई, एका दिवसाचा तर प्रश्न. दीडशे माणसं दुसऱ्याच्या गेटातून न्यायची म्हणजे एक शब्द टाकलेला बरा. सभ्यपणा असतो एक."

"तुमच्या घरातलं कुणी त्या वाटेनं गेलंय का कधी? खांद्यावरून?"

ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मी चांगल्यासाठीच केलं हो." ते मला माहीत होतं. त्यानंच तर जास्त जीव जळत होता. वाईट हेतूनं केलं असतं तर निदान चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना सांगायचं ठरवून निघाले. लोणावळ्याहून लोकलनं मळवली आणि पुढं रिक्षा. वाटभर मनात वाक्यं जुळवत होते आणि एकही धड जमत नव्हतं. दारात त्यांची सून भेटली. तांदूळ निवडत बसली होती.

"या ताई. आबा जागंच हायती. पन जास्ती बोलू नगा बरं. छातीत कफ लय झालाय. डागदरानं सांगितलंय, जिवाला लावून घ्यायचं न्हाई."

"चालायला जातात का?"

"कुटं वो! तीन आठवडं झालं, अंथरुनात हायती. रोज सकाळी इच्यारत्यात, वाटंनं कोन गेलं का. आमी सारी लावनीला. कुनाला सवड हाय? मी म्हनते, व्हय, गेलतं. खोटंच सांगते, काय करू?"

वाट मोडायला लागली होती आणि त्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता. गुरुजी खाटेवर बसले होते. मनगटं केवढीशी झाली होती! मला बघून चेहरा फुलला. "ये पोरी. किती जण येणार? वरच्या आळीतले येतायत का खरंच? बायकापण येतायत?" एकेकाचं नाव घेऊन विचारत होते. कोण पाचवीत पळून गेलेला, कोण कवितेला रडायची, सगळं ध्यानात. मी म्हटलं, "सगळे येणार, गुरुजी." म्हणाले, "बघ, त्या वाटेनं वरची आणि खालची माणसं एकत्र कधी चालली नाहीत. मयतालासुद्धा नाहीत. आता चालतील." आणि ते असे हसले की सांगायचं ते मला सांगवेना. चहा प्याले आणि न सांगताच उठले.

म्हटलं, जाऊ दे, मुळावरच घाव घालू. तशीच स्कीमच्या ऑफिसात गेले. थंडगार खोली, काचेच्या पेटीत बंगल्यांचं चिमुकलं मॉडेल. मॅनेजर पोरगेलासा, कमालीचा नम्र. मी म्हटलं, "आमच्या चिटणिसांनी तुमच्याकडं परवानगी मागितली, ती आम्ही परत घेतो."

"म्हणजे कार्यक्रम रद्द?"

"कार्यक्रम आहे. परवानगी रद्द."

"मॅडम, परवानगी आम्ही दिलीय. तुम्ही कशी रद्द करणार?"

"आम्हाला नकोय ती."

"पण मग तुम्ही येणार कसे?"

"येणारच!"

काय बोलणार होते त्याच्याशी? माझंच मला हसू यायला लागलं आणि रडूही. त्यानं मला पाणी दिलं. "काही काळजी करू नका मॅडम. साहेब स्वतः खूप खूश आहेत. एवढे मोठे समाजसेवक आपल्या प्रॉपर्टीतून जाणार! आम्ही सगळ्यांना चहा ठेवलाय. फुलं आहेत. ड्रोननं शूटिंग करतोय, तुम्हालाही व्हिडिओ पाठवू." ड्रोन म्हटल्यावर मी पाण्याचा पेला खाली ठेवला. सुनावणीत हाच व्हिडिओ लावतील. बघा साहेब, आम्ही सोडलं म्हणून आले.

त्यानंतर शनिवारपर्यंत मला धड झोप नाही. बीपीची गोळी घेतली की नाही ते आठवेना म्हणून एकदा दोनदा घेतली. घरात सगळ्यांवर खेकसत होते. सांगावं तर त्यांचा जीव जाईल, न सांगावं तर वाट जाईल. चिटणिसांना म्हटलं, तुम्ही सांगा. ते म्हणाले, ताई, माझी हिंमत नाही, आजही त्यांच्यासमोर माझी पाटी कोरी होते. निवृत्त ऑफिसर माणूस! मी फोन आपटला.

आणि रविवारी नेमका उशीर. पावसाळ्यातला रविवार म्हणजे लोणावळ्यात मुंगीला वाट नाही. भुशीच्या रस्त्यापासून गाड्या तुंबलेल्या, घरून स्टेशन गाठायलाच वैताग. मळवलीला उतरले तर गडावर निघालेल्या गाड्यांची ही रांग. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, आता हितनं काय हालत न्हाई." उतरले आणि चालायला लागले. साडी चिखलानं माखली, चपलेचा अंगठा तुटला, दोन्ही चपला हातात घेतल्या. रेनकोटातली पोरंपोरी कणसं खात सेल्फी काढत होती. मला वाटत होतं ओरडावं, बाजूला व्हा रे, माझे गुरुजी तिकडं गेटात चालले असतील! तसेच आत गेले तर संपलंच सगळं.

वस्तीपाशी पोचले तर वस्ती रिकामी. सगळे पुढं गेलेले. धापा टाकत गेटाशी आले आणि बघते तो केवढी गर्दी. वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या, आमच्या वस्तीतल्या पांढऱ्या साड्यांतल्या बायका, तळेगावहून आलेले डॉक्टर, कुणी वायरमन, कुणी मास्तर, सगळे छत्र्या घेऊन एकात एक मिसळलेले. गुरुजी चाकाच्या खुर्चीत, अंगावर सुनेनं घातलेला स्वेटर. आणि समोर गेट सताड उघडं. दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, झेंडूच्या माळा. वर फ्लेक्स. गुरुजींचा मोठा फोटो आणि खाली, 'आजच्या दिवसापुरता मार्ग खुला. सौजन्य' आणि स्कीमचं नाव. मॅनेजर गुच्छ घेऊन उभा, डोक्यावर ड्रोन घुंघुं करतोय.

गुरुजींनी खुर्ची थांबवायला लावली होती. चष्मा पुसून ते तो फ्लेक्स वाचत होते. मी गर्दीतून घुसत त्यांच्या कानाशी गेले. आता कुठं लपणार? म्हटलं, "गुरुजी, मंडळानं त्यांना विचारलं. परवानगी मागितली. मला सांगायला हवं होतं तुम्हाला, पण धीर झाला नाही."

त्यांची छाती वरखाली होत होती. सून माझ्याकडं खाऊ की गिळू अशी बघायला लागली. मला वाटलं, हे आता इथंच कोसळतात. हा आमचा सत्कार!

मग त्यांनी मान वळवली आणि आवाज लागला. वर्गातला आवाज. कुठून आणला देव जाणे.

"पाण्याला कुणी विचारलं?"

केस पिकलेली, आजी-आजोबा झालेली माणसं, पण प्रत्येकाची नजर जमिनीवर. मॅनेजर गोंधळून म्हणाला, "सर, पाणी आहे, चहापण आहे." कुणी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आणि मागून, छत्र्यांच्या मधून, हळूहळू एक हात वर आला. चिटणिसांचा.

"मी, गुरुजी."

"तहान तुला लागलीय की त्यांना?"

"मला, गुरुजी."

"मग त्यांना काय विचारतोस?"

चिटणिसांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. गुरुजींनी वॉचमनकडं बघितलं आणि म्हणाले, "भैया, गेट बंद करो."

"सर, गेट तुमच्यासाठीच उघडलंय," मॅनेजर म्हणाला.

"म्हणूनच."

वॉचमननं एकदा साहेबांच्या माणसाकडं बघितलं, एकदा गुरुजींकडं. आणि गेट ओढून घेतलं. कडी पडल्याचा आवाज आला. गुरुजी खुर्चीतून उठले. सून धरायला गेली तर तिचा हात बाजूला केला. काठी टेकत गेटापर्यंत गेले आणि गजांतून हात आत घातला. रोजच्यासारखा. पण कडीवर झेंडूची माळ गुंडाळलेली, आणि बोटांत ताकद नव्हती. कडी हलेना. एकदा ओढली, पुन्हा ओढली. मला बघवेना. पदर तोंडात धरून उभी होते.

मॅनेजर पुढं आला. खरं सांगते, पोराच्या मनात काही वाईट नव्हतं. "सर, मी काढतो."

"तुम्ही नको," गुरुजी म्हणाले. गजांना टेकून दम घेतला. पाठ आमच्याकडंच होती. तसंच म्हणाले, "वर्गात कुणाला तहान लागलेली नाही का?"

मी कशी पुढं गेले मला आठवत नाही. हातातल्या चपला तिथंच टाकल्या. माझ्याआधी चिटणीस पोचले होते. त्यांनी माळ तोडली, मी कडी धरली, आमच्या हातांवर आणखी कुणाकुणाचे हात आले, आणि गेट उघडलं. गुरुजी आधी गेले. मग आम्ही सगळे, वरचे आणि खालचे. स्मशानापर्यंत गेलो, बायकांनी वंदना म्हटली, आणि त्याच वाटेनं परत आलो. स्कीमचा चहा तसाच राहिला. घ्या म्हणावं आता कसला व्हिडिओ घेताय तो!

पण माझी काळजी काही संपली नाही, कारण गुरुजींनी ती संपू दिली नाही. घरी आणून त्यांना खाटेवर निजवलं, तेव्हा डोळे मिटूनच म्हणाले, "आज सगळे होते. आजचं धरायचं नाही. उद्या कोण जाणार?"

खोलीत दहा-बारा जण तरी होतो. एकमेकांकडं बघायला लागलो. कुणी तळेगावला राहणारा, कुणाचे गुडघे गेलेले, कुणाची लावणी. सून म्हणाली, "आबा, मी जाईन वो." ते म्हणाले, "तू खोटं सांगतेस. तीन आठवडे खोटं सांगतेयस. माझ्या खाटेवरनं गेट दिसतं." ती बिचारी ओशाळून आत निघून गेली. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. पडल्या पडल्या रोज सकाळी ती रिकामी वाट बघत होते आणि सुनेला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहत होते.

तेव्हापासून आम्ही वार वाटून घेतलेत. मंगळवार आणि शुक्रवार माझे. पहिल्या लोकलनं येते. चिटणीस सोमवारी जातात, छत्री काखेत मारून, कुणाशी न बोलता. सुनावणी झाली, निकाल अजून लागायचाय. लागेल तेव्हा लागेल. रोज सकाळी मात्र मला धाकधूक असते, की आज गेटाला कुलूप तर नसेल? माझ्या वयाला हे बरं नाही असं घरचे म्हणतात. मलाही पटतं. पण जाते.

भात कापणीला आलं तेव्हा गुरुजी गेले. त्याच वाटेनं. खांद्यावर घेऊन गेटाशी आलो, तर गेट बंदच होतं आणि वॉचमन खुर्चीत बसून होता. टोपी हातात, मान खाली, गालावर आसवं, पण उठला नाही. गुरुजींनी त्याला रोज हातानं खाली बसवलं होतं ना. कडी चिटणिसांनी काढली.

परवाच्या शुक्रवारी गेले तर केबिनमध्ये तो नव्हता. नवा कुणीतरी, कडक गणवेशातला, हातात दंडुका. मी गजांतून हात घातला तसा तो ताडकन उठला. "ओ मॅडम! किससे मिलना है?"

घशाला कोरड पडली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. हात कडीवर तसाच होता, गार पडलेला. क्षणभर वाटलं, नीट समजावून सांगावं, जरा गोडीनं विचारावं त्याला.

"गुरुजी से," मी म्हटलं. "आगे सोये हैं."

आणि कडी काढली.